पाहुण्याला कोल्हापूर कसे दाखवावे

कोल्हापुरात घर असले की बाहेरगावचे पाहुणे येणारच, आणि ते आले की त्यांना गाव दाखवण्याचा बेतही बहुतेक घरांत ठरलेलाच असतो: सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, दुसऱ्या दिवशी जोतिबा आणि पन्हाळा, आणि निघता निघता चपलांचा एक जोड. या बेतात वावगे काही नाही. मात्र त्यात पाहुण्याचा वेळ दर्शनाच्या रांगेत आणि गाडीच्या खिडकीशी इतका जातो की ज्या शहरात तो दोन दिवस राहिला, ते त्याला जवळजवळ दिसतच नाही.

जुने कोल्हापूर चालत पाहण्याइतके आटोपशीर आहे. मंदिर मध्यभागी धरले तर पाहण्यासारख्या बहुतेक जागा तिथून दोन-अडीच किलोमीटरच्या आत येतात. शिवाय यांतल्या प्रत्येक जागेची स्वतःची एक वेळ आहे. तालीम पहाटे पाहावी, मंदिराच्या भिंती सकाळच्या तिरप्या उन्हात पाहाव्यात, रंकाळा मावळतीला पाहावा आणि वस्तुसंग्रहालये भर दुपारी पाहावीत. वेळ चुकली की तीच जागा निम्मी होऊन जाते. म्हणून ठिकाणांची यादी करण्याआधी दिवसाचे तास मांडावेत आणि मग त्या त्या तासाला जे शोभते ते त्यात बसवावे. पुढची मांडणी त्याच हिशेबाने, दोन दिवसांसाठी केली आहे.

पाहुण्याला तारीख निवडण्याची मुभा असेल तर त्याला बुधवार-गुरुवार सुचवावा. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीचा वार म्हणून मंदिरात गर्दी असते, शनिवार-रविवारी पर्यटकांची असते आणि सोमवारी वस्तुसंग्रहालयांना सुट्टी असते. ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यातले कोल्हापूर देखणे असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये पाहुण्याला बोलावण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती आहे, हे जरूर पाहावे. ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीने ही पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली होती आणि महामार्गही बंद पडला होता. पाणी ३९ फुटांच्या पुढे सरकू लागले, तर बेत पुढे ढकलण्यात शहाणपण आहे.

वाहन जुन्या शहरात नेऊ नये. बिंदू चौकाजवळच्या वाहनतळावर ते लावावे किंवा घरीच ठेवून रिक्षाने यावे. पेठांमधले रस्ते अरुंद आहेत आणि त्यांवरून गाडी हाकणाऱ्या यजमानाचे सगळे लक्ष समोरच्या दुचाकीकडे असते. गाव दाखवायला त्याच्याकडे डोळे उरत नाहीत.

पहिला दिवस: तालमीपासून रंकाळ्यापर्यंत

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणारा पाहुणा सकाळीच उतरतो, त्यामुळे त्याच्यासाठी पहाटेचा भाग दुसऱ्या दिवशी घ्यावा. आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला मात्र उजाडायच्या आत उठवून गंगावेशेत न्यावे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या कोल्हापूरच्या नामांकित तालमी आहेत आणि पहाटे तिथे पैलवानांची मेहनत सुरू असते. लाल मातीच्या हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती माती मऊ राखलेली असते. कुस्ती सुरू होण्याआधी एखादा पोरगा फावड्याने ती उकरून सारखी करतो, तेव्हा तिचा आंबूस, दमट वास सगळ्या खोलीत भरतो. पाहुण्याला तो वास आवर्जून घ्यायला लावावा. आत जाण्याआधी वस्तादांची परवानगी घ्यावी, चपला बाहेर काढाव्यात, हौद्यात पाय ठेवू नये आणि लंगोट लावलेल्या पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. सोबत महिला असतील तर आधी विचारून ठेवलेले बरे, कारण प्रत्येक तालमीचा शिरस्ता वेगळा असतो.

तालमीतून बाहेर पडले की दूध कट्टा. रस्त्याच्या कडेला म्हैस बांधलेली असते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात दिला जातो. पैलवानांच्या गावाची ही जुनी सवय आहे. ज्याला कच्च्या दुधाची सवय नाही त्याला पाहुणचार म्हणून आग्रह करू नये. पुढचे दोन दिवस त्याला आपल्याबरोबर चालायचे आहे. त्याने नुसते पाहिले तरी पुष्कळ झाले.

गंगावेशेतून पापाची तिकटी ओलांडून महाद्वारापाशी यावे. अंबाबाईच्या मंदिराला चार दरवाजे आहेत आणि भाविक बहुधा जवळ पडेल त्या दरवाजाने आत शिरतात, पण पाहुण्याला पहिल्यांदा नेताना पश्चिमेच्या महाद्वारानेच न्यावे. देवी पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे महाद्वारातून पाहिले की मंदिराचा सगळा रोख एका ओळीत समजतो. महाद्वार, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि मग गाभारा, अशी ती ओळ आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांच्या आसपास, मावळत्या सूर्याचे किरण याच वाटेने आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर सरकत मुखापर्यंत पोहोचतात. हाच किरणोत्सव. दोनदाच का, असे पाहुण्याने विचारले तर उत्तर सोपे आहे: २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो, आणि त्याच्या साधारण चाळीस दिवस आधी व चाळीस दिवस नंतर तो क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो. महाद्वार रोडवरच्या उंच बांधकामांमुळे आणि हवेतल्या धुरक्यामुळे काही वर्षी किरण अर्ध्या वाटेतच अडतात, ही गोष्टही पाहुण्यापासून लपवू नये. त्या दिवसांत मंदिरात अलोट गर्दी असते. पाहुणा नेमका तेव्हा आला असेल तर दुपारनंतरचा सगळा वेळ त्यासाठीच राखून ठेवावा.

दर्शन सकाळी लवकर उरकावे. देवीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे आणि मागे सिंह आहे, पण साडी आणि दागिन्यांच्या सजावटीत हे सारे झाकलेले असते, म्हणून रांगेत उभे असतानाच पाहुण्याला सांगून ठेवावे. मोगली आक्रमणांच्या काळात मूर्ती लपवून ठेवली होती आणि १७१५ मध्ये विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. देवीच्या डोक्यावरच्या मजल्यात मातुलिंग या नावाने शिवलिंग आहे, हे कित्येक कोल्हापूरकरांनाही ठाऊक नसते.

दर्शन झाले की बहुतेक लोक प्रसाद घेऊन बाहेर पडतात. खरे मंदिर पाहायचे ते इथून पुढे. बाहेरच्या अंगाने भिंतीला लागून सावकाश एक प्रदक्षिणा घालावी. भिंत सरळ नाही. ती ताऱ्याच्या कोनांसारखी दुमडत जाते, आणि सकाळच्या उन्हात प्रत्येक दुमडीची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत राहते. त्या कोनांवर वाद्ये वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, आरशात पाहणाऱ्या सुंदरी कोरल्या आहेत. दुपारी बाराला ऊन डोक्यावर आले की हेच शिल्प सपाट आणि काळेठिक्कर दिसते. पाहुण्याबरोबर लहान मुले असतील तर त्यांना मूर्तींच्या हातांतली वाद्ये ओळखायला सांगावीत. त्या खेळात अर्धा तास सहज निघून जातो आणि मोठ्यांनाही निवांत पाहायला मिळते.

पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की लगतच जुना राजवाडा आणि भवानी मंडप आहे. इथले तुळजाभवानीचे मंदिर छत्रपतींच्या घराण्याचे. नगारखान्याच्या उंच दगडी कमानीखालून आजही शाळेची मुले, भाजीच्या पिशव्या आणि देवदर्शनाचे लोंढे एकत्रच ये-जा करतात. इथे दहा मिनिटे बसावे आणि पाहुण्याला राजर्षी शाहू महाराजांविषयी थोडे सांगावे, कारण यापुढे दिवसभर जे दिसणार आहे त्यातला मोठा भाग त्यांच्या कारकिर्दीतला आहे. १८९४ ते १९२२ एवढ्या अठ्ठावीस वर्षांत या छोट्या संस्थानाच्या राजाने कुस्तीचे मैदान, नाट्यगृह, कापड गिरणी आणि जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली आणि राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले. हे एक सूत्र हाती असले की पाहुण्याला पुढच्या इमारती सुट्या सुट्या वाटत नाहीत.

भवानी मंडपातून मिरजकर तिकटीमार्गे खासबागेकडे दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येते. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीसाठी तसे मैदान बांधावे असे आले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरे झाले. हे मैदान पाहण्याची एक रीत आहे. पाहुण्याला आधी अगदी मधोमध, हौद्याच्या कडेला उभे करावे आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक पाहू द्यावी. मग त्याला सगळ्यात वरच्या, लांबच्या कडेला नेऊन बसवावे आणि आपण खाली हौद्यापाशी उभे राहावे. हजारो माणसांच्या गर्दीत शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी, मध्ये एकही खांब किंवा डोके येऊ नये, ही त्या उताराची करामत त्याला तिथे बसल्यावरच कळते. रिकामे मैदान पाहून पाहुण्याची निराशा होईल, अशी भीती बाळगू नये. रिकामे असतानाच त्याची रचना नीट दिसते.

मैदानाच्या पाठीला पाठ लावून संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या वास्तूला भीषण आग लागली आणि आतला बहुतेक भाग जळून गेला; दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. आत जाता येवो वा न येवो, पाहुण्याला या इमारतीसमोर उभे करणे मी टाळणार नाही. एका कुंपणात कुस्ती आणि त्याला लागूनच नाटक, अशी जोडी ज्या राजाला सुचली त्याची नजर कशी होती, हे याच जागी कळते.

जेवणाआधी बिंदू चौक आणि दसरा चौक करून घ्यावेत. बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा राहिलेला भाग दिसतो, आणि तिथेच महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, हे सांगितले की पाहुणा पुतळ्याकडे पुन्हा एकदा वळून पाहतो. दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि त्याच्या आसपास त्यांनी उत्तेजन दिलेली बोर्डिंगे. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये सुरू झाले. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे निघत गेली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तो याच गावाच्या दफ्तरातून. या चौकात पाहुण्याला दाखवायला भव्य असे काही नाही. साध्या इमारती आहेत, पण त्यांचे फलक वाचत एक फेरी मारायला लावावी.

जेवणाची गोष्ट थोडक्यात. तांबडा-पांढरा मोठ्या दिमाखाच्या हॉटेलापेक्षा साध्या खानावळीत चांगला मिळतो. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस घालून केलेला. तो आधी वाटीने प्यावा आणि मग कांदा-लसूण चटणीच्या तांबड्याकडे वळावे. पाहुणा रंग पाहूनच घाबरला, तर तांबड्याचा रंग त्याच्या तिखटाहून जास्त भडक असतो, हे सांगून त्याला धीर द्यावा. शाकाहारी पाहुण्यासाठी मिसळ आहेच. इथे तिच्यासोबत पावाचे स्लाइस मिळतात आणि कट मागेल तितका. जेवणानंतर त्याला तासभर झोपू द्यावे. भर उन्हात हिंडवण्याने कोणाचेही भले होत नाही.

चारच्या सुमारास पुन्हा बाहेर पडावे. बिनखांबी गणेश मंदिरावरून, नावाप्रमाणे तिथे एकही खांब नाही हे दाखवत, खरी कॉर्नरकडे जावे. तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ परगावच्या माणसाला कोड्यात टाकतो. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट काढले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली, म्हणून लोक प्रभातला पुण्याची समजतात. कोल्हापूरकराने ही दुरुस्ती करण्याची संधी सहसा सोडू नये.

रंकाळ्यावर मात्र वेळेवर पोहोचावे. शहराच्या बाजूचा काठ पूर्वेला असल्याने सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो. हा तलाव मूळचा दगडाच्या खाणीचा, असे मानतात, आणि आसपासच्या इराणी खण, पतौडी खण या नावांत त्या दगडखाणी अजून जिवंत आहेत. राजघाटाच्या बुरुजापाशी थोडे थांबून मग पदपथाने चालत निघावे. वाटेत संध्यामठ लागतो, दगडी खांबांचा हा मठ पाणी वाढले की अर्धा बुडतो आणि उन्हाळ्यात पायऱ्यांसकट उघडा पडतो. १९३० च्या दशकात पुरा झालेला शालिनी पॅलेस पलीकडच्या काठावर दिसतो. आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरातल्या या पाण्यांची, कोटीतीर्थाची आणि रंकाळ्याची, चित्रे वर्षानुवर्षे काढली. त्यांची चित्रे उद्या टाउन हॉलमध्ये दिसणार आहेत, हे आजच सांगून ठेवले की पाहुणा पाण्याकडे जरा लक्ष देऊन पाहतो. भेळ नंतर खावी. आधी भेळ घेतली की सूर्य कागदाच्या पुडीआड मावळतो.

दुसरा दिवस: नदीकाठ, टाउन हॉल, नवा राजवाडा आणि एक मोठी फेरी

सकाळी पंचगंगा घाटावर जावे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी. घाटावरच्या लहान लहान देवळांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा शोधायला लावाव्यात. पावसाळ्यात ही देवळे शिखरापर्यंत पाण्यात जातात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लावतात, आणि पाहुणा त्या सुमारास येणार असेल तर बाकीचा सगळा बेत त्या एका पहाटेभोवती आखावा.

घाटाला लागून ब्रह्मपुरीची टेकडी आहे. वर चढून पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, पण तिच्या पोटातून जे निघाले ते मोठे आहे. १९४५-४६ मध्ये इथे उत्खनन झाले आणि सातवाहन काळातल्या नांदत्या वस्तीचे अवशेष मिळाले. त्या काळातल्या रोमशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देणारी ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती याच टेकडीवरची. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून आलेल्या या वितभर देवाला पाहण्यासाठी आता टाउन हॉलमध्ये जायचे.

भाऊसिंगजी रोडवरचा टाउन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला आणि १९४९ पासून तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. आत शिरल्यावर सगळी दालने एका दमात पाहण्याचा हट्ट धरू नये. दोन गोष्टींपुढे नीट थांबावे: ब्रह्मपुरीतून आलेल्या वस्तू आणि कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे. पोसायडन इतका छोटा आहे की घाईत माणूस त्याच्यासमोरून निघून जातो. त्याचा उचललेला हात आणि अंगाचा किंचित झोक काचेजवळ वाकून पाहावा. कधीकाळी त्याच्या मुठीत त्रिशूळ असावा, अशी ती ठेवण आहे. काल रंकाळा पाहिलेला असल्याने आबालालांच्या चित्रांपुढेही पाहुणा आपोआप रेंगाळतो.

टाउन हॉलसमोरच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे गावाच्या बोलीत सीपीआर, आहे. ही इमारत, टाउन हॉल आणि पुढचा नवा राजवाडा या तिन्हींशी मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. वडोदऱ्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यानेच आखला. रुग्णालय रस्त्यावरूनच पाहावे, आत लोक आजाराने आलेले असतात. कमानी, मनोरे, छपरांचे उतार या तीन इमारतींत कसे बदलत गेले, हे एका रस्त्यावर चालता चालता पाहता येते, आणि असा योग दुसऱ्या गावात सहजी मिळत नाही.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. काळ्या दगडाची ही वास्तू आणि तिचा अष्टकोनी घड्याळ मनोरा आधी बाहेरून, मोकळ्या मैदानात थोडे मागे सरकून पाहावा. जैन मंदिरांची, गुजरात-राजस्थानच्या वास्तूंची आणि इथल्या वाड्यांची वळणे त्यात एकत्र आली आहेत. मँट १८८१ मध्येच वारला, त्यामुळे पुरा झालेला राजवाडा त्याला पाहायला मिळाला नाही. खालच्या भागात संग्रहालय आहे आणि वरच्या मजल्यावर छत्रपतींचे कुटुंब राहते, म्हणून आवाज जपूनच करावा. शस्त्रे आणि शिकारीत मारलेले पेंढा भरलेले प्राणी यांतच लोक गुंतून पडतात. प्राण्यांची दालने लवकर उरकावीत असे माझे मत आहे. मुले असतील तर ते जमणार नाही, ही गोष्ट वेगळी. वेळ राखावा तो दरबार हॉलसाठी, कारण शिवचरित्रातले प्रसंग रंगीत काचांत उतरवलेल्या तिथल्या खिडक्या उजेड आत येत असतानाच पाहायच्या असतात.

दुपारनंतर शहराबाहेर एकच फेरी करावी. जोतिबा, पन्हाळा आणि खिद्रापूर एका दिवसात उरकणारे लोक आहेत, त्यांच्या उत्साहाला नमस्कार करून आपण त्यांतले एक निवडावे. पाहुण्याला इतिहासाची आवड असेल तर वीस किलोमीटरवरचा पन्हाळा. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांत त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गडावर ठिकाणे पुष्कळ आहेत, पण अंधारबाव, तीन दरवाजा, गंगा-यमुना-सरस्वती ही अंबरखान्याची कोठारे आणि सज्जा कोठी एवढीच घ्यावीत. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १२-१३ जुलै १६६० च्या रात्री इथूनच विशाळगडाकडे निसटले. ती कथा अंबरखान्याच्या आत सांगावी. भिंतींची ती जाडी आणि धान्य ओतण्यासाठी छतात ठेवलेली भोके पाहिली की महिनोन् महिने वेढा कसा सोसला हे वेगळे समजवावे लागत नाही. भाविक पाहुण्यासाठी जोतिबा. चैत्र पौर्णिमेला तिथे सासनकाठ्या, गुलाल आणि ‘चांगभलं’चा गजर असतो, पण त्या गर्दीत वयस्क माणसांना नेऊ नये. शिल्पाची ओढ असणाऱ्याला साठेक किलोमीटरवरच्या खिद्रापूरला न्यावे. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोल उघडे आहे आणि खाली त्याच मापाची गोल शिळा आहे. तिथे उभे राहून वर पाहिले की आभाळाचा थाळीएवढा तुकडा दिसतो. मात्र खिद्रापूरला सकाळीच निघावे लागते, म्हणजे राजवाडा सोडावा लागतो, हे पाहुण्याला आधीच सांगून निवड त्याच्यावर सोपवावी.

हिवाळा-उन्हाळ्यात पाहुणा आला आणि शाहू स्टेडियमवर सामना असला, तर मात्र मी वरचा सगळा बेत मोडायला तयार आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण अशा पेठांच्या तालमी आणि मंडळांचे संघ इथे फुटबॉल खेळतात आणि पेठाच्या पेठा गच्च बसून पाहतात. कुस्तीच्या गावात तालमीच्या नावाने फुटबॉल कसा, असे पाहुणा विचारील. उत्तर देत बसण्यापेक्षा त्याला पायऱ्यांवर बसवावे आणि शेजारी बसलेला आजोबा कोणत्या पेठेचा आहे, ते आधी विचारून घ्यावे. चुकीच्या बाजूने टाळी पडली तर गंमत होते, पण ती गंमत पाहुण्याच्या वाट्याला नको.

राहिली खरेदी. गूळ हवा असेल तर तो हिवाळ्यात गुऱ्हाळे चालू असताना घ्यावा. फार पिवळाधमक दिसणाऱ्या गुळापेक्षा तांबूस गूळ निवडावा, कारण तो रंग उसाच्या रसाचा स्वतःचा असतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत सगळ्या प्रकारचा माल असतो. चप्पल उलटी करून तळवा पाहावा: चामड्याच्या वादीने हाताने घातलेली शिलाई असेल तर ती थोडी वाकडीतिकडी, पण घट्ट दिसते, आणि खिळे दिसले तर तो जोड ठेवून द्यावा. चपलेचा अंगठा आणि बाजूचे कान पायाला किंचित आवळतील असाच जोड घ्यावा, कारण चामडे वापराने सैल होते. पहिल्याच दिवशी सैल असलेली चप्पल महिन्याभरात पायातून निसटते. ही खरेदी निघण्याच्या घाईत करू नये. पहिल्या दिवशी रंकाळ्यावरून परतताना चपला घ्याव्यात, रात्री पट्ट्यांना आतून तेलाचे बोट लावून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याला त्या घालून घरातल्या घरात चालायला सांगावे. कुठे फारच चावत असतील तर गावात असेपर्यंत दुकानदाराकडे जाऊन पट्टा सैल करून घेता येतो.